कटाई ‘पुट ऑफ’ झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

आबा आमच्या गल्लीतले. रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या बाजूला त्यांची सहा एकर केळी. सगळी ग्रँड नैन, आपल्याकडे जिला ‘जी नाइन’ म्हणतात ती. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, “ताई, तू इंग्रजीची मास्तरीन आहे ना? मले एक सांग. ‘पुट ऑफ’ म्हंजे बंद, का नाही?”

मी सहज बोलून गेले, “नाही आबा. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं.”

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मंग माझे अठ्ठावीस हजार त्या ढकलण्यात गेले, भो.”

हे प्रकरण इतकं सविस्तर लिहायचं कारण सांगते. मी बावीस वर्षं दहावीला इंग्रजी शिकवते. ‘पुट ऑफ’ ही जोडी दरवर्षी फळ्यावर लिहिते, समोर अर्थ लिहिते, पोरं वहीत उतरवतात. ज्या पोरानं कटाई ‘पुट ऑफ’ झाल्याचा मेसेज वाचून आबांना फोन केला, तो माझाच विद्यार्थी. त्याच्या वहीतही तो अर्थ बरोबर लिहिलेला होता. मग चूक कुठे झाली, हे मला समजून घ्यायचं होतं. आबा, पॅकहाऊसचे शेठ आणि तो पोरगा, तिघांशी मी बोलले, आणि पोराच्या फोनमधले सगळे मेसेज त्याच्याबरोबर बसून वाचले. नावं कुणाचीच देत नाही.

त्या सोमवारी

सावद्याच्या बाजूला एक लहान पॅकहाऊस आहे. आजूबाजूच्या गावांतून माल घेऊन ते आखाती देशांत पाठवतात. पोरगा तिथे लिखापढी बघतो: कुणाच्या बागेतून किती घड, किती बॉक्स, कंटेनर कधी लागणार. दुबईच्या खरेदीदाराचा माणूस केरळचा आहे. त्याला मराठी येत नाही आणि हिंदी जेमतेम, म्हणून सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर इंग्रजीत चालतो. तोही घाईच्या, तुटक इंग्रजीत. बंदरावर उभा असलेला माणूस जसं लिहील तसं.

मंगळवारी पहाटे आबांच्या बागेत कटाई ठरलेली. ८० क्विंटलचा अंदाज. बाकीचा माल आणखी दोन शेतकऱ्यांचा, म्हणजे सगळा मिळून एक कंटेनर, साधारण २० टन. सोमवारी रात्री आठच्या सुमारास मेसेज आला: ‘व्हेसल लेट. हॅव टु पुट ऑफ ट्यूजडेज कटिंग. विल अपडेट.’

जहाज लेट, मंगळवारची कटाई पुट ऑफ करावी लागतेय, कळवतो. एवढंच.

पोरानं आबांना फोन लावला. “आबा, उद्याची कटाई बंद. वरून मेसेज आलाय.”

आबांनी विचारलं, “बंद म्हंजे? मंग कधी?”

“ते काही लिहिलं नाही. कटाई ऑफ केली त्यांनी.”

‘ते काही लिहिलं नाही’ हे पोरगा खोटं बोलला नाही. नवा वार मेसेजमध्ये खरंच नव्हता. पण कटाई पुन्हा होणार आहे हे ‘पुट ऑफ’ या दोन शब्दांतच लिहिलेलं होतं, आणि ते त्याला दिसलं नाही.

आता आबांच्या जागी बसून बघा. मेचा शेवट. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर. भरलेला घड झाडावर तीन-चार दिवस थांबू शकतो, त्यापुढे उन्हानं झाडावरच पिवळा पडायची भीती, आणि एकदा पिवळेपणा आला की निर्यातवाला त्याला हातही लावत नाही. त्यात मृगाआधीचं वादळ. रावेर-यावल-मुक्ताईनगरच्या पट्ट्यात या दिवसांत एका संध्याकाळच्या वाऱ्यानं उभ्या बागा आडव्या झालेल्या सगळ्यांनी बघितल्या आहेत. तीन दिवस थांबायचं हे माहीत असेल, तर शेतकरी थांबतो. ऑर्डरच गेली म्हटल्यावर तो थांबत नाही. आबांनी मंगळवारी दुपारी गावातल्या व्यापाऱ्याला बाग दाखवली, बऱ्हाणपूरच्या केळीबाजाराचे भाव धरून बोलणी झाली, आणि बुधवारी माल ट्रकमध्ये भरून उत्तरेकडे गेला. ठरलेल्या निर्यातभावापेक्षा क्विंटलमागे ३५० रुपये कमी.

गुरुवारी सकाळी मेसेज: ‘कटिंग फ्रायडे ५ एएम. कन्फर्म.’

पोरगा सांगत होता, तो मेसेज वाचला तेव्हा हातातला चहाचा कप तसाच धरून तो दहा मिनिटं उभा होता. मग त्यानं शेठला सांगितलं. शेठनं दुसरीकडून चढ्या भावानं माल गोळा केला, तरी कंटेनर पूर्ण भरला नाही. दुबईचा माणूस चिडला. त्याचं उत्तर आलं: ‘वी पुट इट ऑफ. वी नेव्हर कॉल्ड इट ऑफ.’

सगळं प्रकरण या एका ओळीत आहे. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकललं. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द केलं. आम्ही पुढे ढकललं होतं, रद्द कधीच केलं नव्हतं, असं तो म्हणत होता. आणि इथे ‘पुट’चं भूतकाळी रूपही ‘पुट’च राहतं, त्यामुळे पोरानं ही ओळसुद्धा आधी वर्तमानकाळात वाचली. त्याला वाटलं, हे लोक आता आणखी काहीतरी पुट ऑफ करतायत.

फोन मागे सरकवत गेलो तेव्हा

पोरगा आठवडाभर माझ्याकडे फिरकलाच नाही. शेवटी मीच पॅकहाऊसवर गेले. मला बघून तो उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, “मॅडम, मला पाठ होतं ते.” मी त्याला म्हटलं, “पाठ होतं हे मला माहीत आहे. फोन काढ.”

आम्ही हौदाजवळ दोन क्रेटवर बसलो. शेजारी बायका फण्या धूत होत्या. घडापासून फणी कापली की देठातून चीक गळतो, पांढरा, दुधासारखा. तुरटीच्या पाण्यात तो लगेच धुतला नाही तर सालीवर वाळतो आणि काळा डाग पडतो. आतल्या केळ्याला काही होत नाही, पण डाग राहतो. हे सांगायचं कारण लगेच कळेल.

मेसेज मागे मागे नेत गेलो. तीन आठवड्यांपूर्वी दुबईच्या माणसानं दोन फोटो पाठवले होते. हिरव्या केळ्यांवर काळे ओघळ. खाली लिहिलं होतं: ‘लेटेक्स मार्क्स. दीज पुट कस्टमर्स ऑफ.’

“हे काय वाचलंस तू?” मी विचारलं.

“डागांमुळे कस्टमर ऑफ झाले. म्हणजे गिऱ्हाईक बंद झालं.”

“मग शेठला काय सांगितलंस?”

“तेच. दुबईचं गिऱ्हाईक बंद होतंय म्हणून.”

शेठनं ते घाबरून चार शेतकऱ्यांना सांगितलं होतं, त्यांत आबाही होते. म्हणजे सोमवारी रात्री पोराचा फोन आला, तेव्हा आबांच्या मनात आधीपासूनच ‘दुबईवाले बंद करणार’ हे बसलेलं होतं. पोराच्याही. पहिल्या चुकीच्या वाचनानं दुसऱ्या चुकीला जागा करून ठेवली होती. मला हे या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण सोमवारच्या मेसेजपुरतंच बघितलं असतं तर एका पोराची एका रात्रीची चूक म्हणून आम्ही ते मिटवून टाकलं असतं.

त्या फोटोखालच्या वाक्याचा खरा अर्थ असा: हे डाग बघून गिऱ्हाईकाचं मन उडतं. आपण जेवायला बसावं, ताटात केस निघावा आणि जेवणावरून मन उडावं, तसं. दुकानात आलेलं माणूस फणी उचलतं, डाग बघतं आणि परत ठेवतं. गिऱ्हाईक बंद झालेलं नाही, ते बिचकतंय. सांगणाऱ्याचं म्हणणं साधं होतं, धुलाई नीट करा. ते कळलं असतं तर त्या आठवड्यात फक्त हौदात तुरटी वाढवायची होती आणि फणी कापल्यावर पाण्यात टाकायची घाई करायची होती.

मग फोन पुढे आणला. भांडणाच्या दिवसांतला एक मेसेज: ‘डोंट पुट मी ऑफ विथ स्टोरीज.’ हा पोराला अजिबात लागला नव्हता. मला बंद करू नका? गोष्टींनी? त्यानं तो तसाच सोडून दिला होता, उत्तरच दिलं नव्हतं. आणि समोरच्याला वाटलं, बघा, पुन्हा टाळतायत. इथे अर्थ आहे, गोष्टी सांगून माझी बोळवण करू नका. आपल्याकडे तलाठ्यापासून लग्नाच्या मध्यस्थापर्यंत सगळे ज्या पद्धतीनं आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणून वाटेला लावतात, तेच.

‘वी पुट इट ऑफ’ ही ओळ सोडली तरी एका महिन्यात तीन मेसेज. तिन्हींत ‘पुट ऑफ’. तिन्हींचे मराठी अर्थ वेगळे. पोरानं तिन्ही वेळा ‘बंद’ वाचलं.

आपला ‘ऑफ’

तो ‘बंद’ आला कुठून, याच्यावर मी बरेच दिवस विचार केला. त्याच्या दहावीच्या वहीत ‘पुट ऑफ : टु पोस्टपोन, पुढे ढकलणे’ असंच होतं. मीच लिहून दिलेलं. परीक्षेत जोड्या लावा आलं तेव्हा त्यानं बरोबर जोडी लावली. पण दहावीनंतर दहा वर्षांत त्यानं ती ओळ एकदाही वापरली नाही. ‘ऑफ’ मात्र तो रोज वापरतो, आणि तो मराठीत वापरतो. पंखा ऑफ कर. मोटर ऑफ झाली. मोबाईल स्विच ऑफ लागतो. आज मूड ऑफ आहे. इतकंच काय, म्हातारं माणूस गेलं तरी तरणी पोरं ‘ऑफ झाले’ म्हणतात. आपल्या मराठीत ‘ऑफ’ हा शब्द पूर्ण रुजलाय, आणि रुजताना त्यानं एकच अर्थ धरलाय: बंद. विजेच्या बटणाबरोबर तो घरात आला आणि बटणाचाच अर्थ घेऊन राहिला.

म्हणून पोराला इंग्रजी येत नव्हतं, हे मला मान्य नाही. त्यानं तो मेसेज मराठीत वाचला. ‘पुट’ला काही खास अर्थ नाही, ‘ऑफ’ म्हणजे बंद, झालं. खानदेशातल्या कुणाही शिकलेल्या माणसानं असंच वाचलं असतं. आणि त्या वाचनात एक अर्ध खरं आहेच. इंग्रजीतही ‘पुट ऑफ द लाइट’ म्हणतात, दिवा बंद कर या अर्थानं. फक्त तो अर्थ ज्याला बटण असतं त्याच्यापुरता आहे. कटाईला बटण नसतं.

इंग्रजांच्या मनात ‘ऑफ’ मुळात काय आहे? दूर, वेगळं, अंगावरून बाजूला. बाजूला सारणं हे मराठी क्रियापद मला त्याच्या सगळ्यात जवळचं वाटतं. जुन्या इंग्रजीत बूट किंवा अंगरखा काढून ठेवण्यालाही ‘पुट ऑफ’ म्हणत: अंगावरून दूर. नाव किनाऱ्यावरून सुटली, तरी ‘पुट ऑफ’: काठापासून दूर. तारीख आजपासून दूर सारली की कटाई पुढे ढकलली गेली. माणसाचं मन एखाद्या वस्तूपासून दूर सारलं गेलं की त्याचं मन उडालं. दारात आलेल्या माणसाला शब्दांनी दूर सारलं की त्याची बोळवण झाली. आणि बॉक्स मोजता मोजता कुणी मध्येच बोललं, मोजणी चुकली, तर इंग्रजीत तेही ‘यू पुट मी ऑफ’: माझं लक्ष दूर सारलंस. हे सगळे अर्थ वेगवेगळे पाठ करायला लागत नाहीत. कोण कशाला कशापासून दूर करतंय, एवढं विचारलं की अर्थ आपोआप समोर येतो.

‘कॉल ऑफ’चंही तसंच आहे. अंगावर धावलेल्या कुत्र्याला हाक मारून मागे घेतात ना, तसं कामावर सुटलेल्या गोष्टीला परत बोलावणं. परत बोलावली की ती संपली. म्हणून रद्द.

आपण हसू नये, कारण आपली भाषा परक्या माणसाला याहून सोपी नाही. तो केरळचा माणूस उद्या मराठी शिकायला बसला आणि त्याला कुणी वहीत ‘लागणे’ या शब्दाचा एकच अर्थ लिहून दिला, तर त्याचं काय होईल? भूक लागली. नोकरी लागली. आग लागली. ठेच लागली. डोळा लागला. केळीला पाणी फार लागतं. हे तुमचे कोण लागतात? मुलाला नाद लागला. बसला वेळ लागला. आपल्याला यांतलं एकही वाक्य अडत नाही, कारण आपण कुणी ‘लागणे’ पाठ केलेलं नाही. आपण वाक्यं ऐकत वाढलो.

मी काय चुकले

राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालं. आबांच्या पिढीला ते पाचवीत भेटायचं. हा पोरगा पहिलीपासून शिकलेला. दहा वर्षं इंग्रजी, आणि त्या दहा वर्षांत ‘पुट ऑफ’ त्याच्यासमोर फक्त यादीत आलं. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मध्ये रेघ. मी पन्नास जोड्या एका तासात उतरवून द्यायचे, कारण पेपरात त्यांतल्या दोन-तीन येतात. कुणी कुणाला काय म्हणतंय, का म्हणतंय, समोरच्यानं त्यावर काय करायचं, यातलं काहीच त्या रेघेत नव्हतं. ती यादी त्याला दोन मार्क मिळवून देऊ शकली, आबांची बाग वाचवू शकली नाही. हे मी शाळेत सहशिक्षकांसमोर बोलले आणि इथेही लिहिते.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी दहावीच्या वर्गात यादी दिली नाही. पोराची परवानगी घेऊन ते तीन मेसेज फळ्यावर लिहिले, ‘वी पुट इट ऑफ’ची ओळही लिहिली, मराठी अर्थ न देता. मुलांना सांगितलं, आधी कोण बोलतंय ते सांगा, मग कशाला काय होतंय ते सांगा. केळीचीच पोरं ती. चिकाचे डाग म्हटल्यावर मागच्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, “मॅडम, गिऱ्हाईक नको म्हणेल.” तिला शब्द माहीत नव्हता, माल माहीत होता.

मग त्यांना आपापल्या घरातलं एकेक वाक्य करायला सांगितलं. काही वाक्यं इथे देते, कारण पुस्तकातल्या ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’पेक्षा ती कितीतरी जिवंत आहेत.

एका मुलाचं: ‘वी पुट ऑफ सोइंग टिल द सेकंड रेन.’ दुसरा पाऊस पडेपर्यंत आम्ही पेरणी लांबवली. एका मुलीच्या थोरल्या बहिणीचं लग्न आजोबा वारले म्हणून पुढे गेलं, त्या मुलीनं लिहिलं: ‘वी पुट दीदीज वेडिंग ऑफ.’ इथे मी थांबून त्यांना दाखवलं की लग्न मध्ये बसलं तरी चालतं आणि शेवटी ‘पुट ऑफ दीदीज वेडिंग’ असं आलं तरी चालतं. पण ‘ते’ म्हणायचं असेल, ‘इट’, तर ते मध्येच बसलं पाहिजे: ‘वी पुट इट ऑफ.’ ‘पुट ऑफ इट’ कुणीही म्हणत नाही. दुबईच्या माणसाच्या ओळीत ‘इट’ मध्ये होतं, ते मुलांनी स्वतःच फळ्यावर बोट ठेवून दाखवलं.

एकानं ‘माय फादर पुट ऑफ टु गो टु डॉक्टर’ लिहिलं. ही चूक जवळजवळ सगळेच करतात, कारण मराठीत आपण ‘जायचं टाळलं’ म्हणतो आणि ‘जायचं’ला ‘टु गो’ चिकटवतो. ‘पुट ऑफ’नंतर काम आलं की ते ‘गोइंग’, ‘पेइंग’, ‘आस्किंग’ अशा रूपात येतं: ‘पुट ऑफ गोइंग टु द डॉक्टर.’ मी मुलाला विचारलं, वडिलांना काय होतंय? तो म्हणाला, “छातीत जळजळ, मॅडम, दोन महिने झाले.” त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही त्याच्या वडिलांना फोन केला.

आणि एका मुलीचं, जी फार बोलत नाही: ‘माय मदर गोज फॉर द पेपर. दे पुट हर ऑफ अगेन.’ आई कागदासाठी जाते, ते पुन्हा तिची बोळवण करतात. वर्ग गप्प झाला. कुठला कागद, कुठलं कार्यालय, हे मी तिला वर्गात विचारलं नाही.

पुढे आणि फॉरवर्ड

पोरगा आता शनिवारी संध्याकाळी येऊन बसतो. मेसेज घेऊन येतो, मी उत्तरं सांगत नाही, तो वाचतो. एका शनिवारी त्यानं विचारलं, “मॅडम, पुट ऑफचं उलट काय? प्रिपोन?”

‘प्रिपोन’ आपल्या देशात सगळीकडे चालतं, आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे, पण बाहेरच्या देशातली बरीच माणसं तो शब्द ऐकून थांबतात. नेहमीचा शब्द ‘ब्रिंग फॉरवर्ड’. हे बोलता बोलताच मला धस्स झालं, कारण इथे ‘ऑफ’पेक्षा मोठा खड्डा आहे.

‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे, हे आपल्या बोटांवर आहे. मेसेज फॉरवर्ड कर, गाडी फॉरवर्ड घे. पण तारखेच्या बाबतीत मराठीतलं ‘पुढे’ आणि इंग्रजीतलं ‘फॉरवर्ड’ उलट्या दिशांना जातात. आपण लग्न पुढे ढकलतो तेव्हा ते आजपासून लांब जातं, कारण आपण येणाऱ्या दिवसांकडे तोंड करून उभे आहोत आणि पुढे म्हणजे आणखी लांब. इंग्रजी माणूस तारीख ‘फॉरवर्ड’ आणतो तेव्हा ती त्याच्याकडे चालत येते, म्हणजे लवकर होते. आणि तो तारीख ‘पुश बॅक’ करतो, म्हणजे मागे ढकलतो, तेव्हा ती उशिरा होते. शब्दाला शब्द ठेवला की अर्थ बरोबर उलटा.

मी पोराला म्हटलं, ‘फॉरवर्ड’ला पुढे म्हणू नकोस, ‘अलीकडे’ म्हण. तापीच्या काठावर उभं राहिल्यावर आपण अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ म्हणतो ना, तसं. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे घेतली. ‘पुट ऑफ’ आणि ‘पुश बॅक’ म्हणजे पलीकडे नेली. ‘कॉल ऑफ’ म्हणजे दोन्ही काठांवर नाही. त्यानं वहीत नदी काढली, मध्ये दोन रेघा, आणि चारही शब्द जागच्या जागी लिहिले.

दुसरी एक सवय त्यानं स्वतःहून लावून घेतली. कुठलाही मेसेज आला की वार आणि तारीख लिहून उलट विचारायचं. इंग्रजी पक्कं झालं तरी ही सवय मोडू नकोस असं मी त्याला सांगितलंय, कारण घाईत लिहिणारा समोरचा माणूसही चुकतो.

ऑगस्टमध्ये आबांच्या उरलेल्या मालाची कटाई शुक्रवारी ठरली. शेठनं या वेळी आबांना भाव थोडा वाढवून धरला होता, मागचं सगळं भरून निघणार नव्हतं तरी. सोमवारी सकाळी दुबईहून मेसेज आला: ‘हेवी रेन फोरकास्ट. कॅन वी ब्रिंग द कटिंग फॉरवर्ड टु वेनस्डे?’

शुक्रवारची कटाई, आणि ‘फॉरवर्ड टु वेनस्डे’. जुन्या सवयीनं वाचलं असतं तर शुक्रवारच्या पुढचा बुधवार, म्हणजे नऊ दिवसांनी. आबांना तसं कळवलं असतं तर ते निवांत बसले असते, आणि परवा पहाटे बागेत कुणीच नसतं.

पोरानं आधी उत्तर लिहिलं: ‘धिस वेनस्डे? टू डेज अर्लियर?’

दोन मिनिटांनी आलं: ‘येस. धिस वेनस्डे.’

मग त्यानं आबांना फोन लावला. मी समोरच होते, फोन स्पीकरवर होता. “आबा, शुक्रवारची कटाई दोन दिवस अलीकडे आली. परवा, बुधवारी, पहाटे पाचला.”

आबा क्षणभर थांबले. “बंद तर नाही ना केली?”

“नाही आबा. बुधवारी.”

“बुधवारी,” आबा म्हणाले, आणि फोन न ठेवताच त्यांनी अंगणातून टोळीच्या मुकादमाला हाक मारली.